हाताची पकड घरी कशी मोजायची? आईचा आकडा एकदा 19.5 आणि एकदा 16 का आला

नमस्कार मंडळी, हे बघा माझ्या हातात, याला हँड डायनामोमीटर म्हणतात, मूठ आवळली की किती किलोचा जोर लागला ते स्क्रीनवर दिसतं.

मोजायच्या आधी माझ्यासोबत एक करा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. टणक झालं ना? बोटांमध्ये स्नायू नसतातच, मूठ आवळणारे मोठे स्नायू इथे असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. आता मनगट आतल्या बाजूला पूर्ण दुमडा आणि परत आवळून बघा. जोरच लागत नाही! हात तोच, ताकद तीच, फक्त मनगट वाकलं.

आणि इथेच लोकांचं चुकतं. माझंही चुकलं. आईचा आकडा पहिल्यांदा मी उभं करून घेतला, 19.5 आला, आठ दिवसांनी सोफ्यावर ती टेकून बसलेली, हात मांडीवर, तसाच घेतला तर 16. मी घाबरलोच, कारण आशियाई देशांसाठी 2019 मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेली रेषा बायकांना 18 किलो आणि पुरुषांना 28 किलो आहे, त्याच्या खाली आलं की स्नायू झिजतायत का ते तपासायला सांगतात. मग नीट बसवून घेतला, 18.7 आला.

तर नीट म्हणजे कसं? साधी खुर्ची घ्यायची, पाय जमिनीला टेकलेले, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, अंगठा वर, मनगट सरळ किंवा किंचित मागे, आणि हात कुठेही टेकवायचा नाही. दवाखान्यात जो जामार नावाचा हायड्रॉलिक मीटर असतो त्याच्या हँडलला पाच खाचा असतात, साधारणपणे दुसऱ्या खाचेवर मोजतात, घरच्या डिजिटलवर हँडल आपल्या पंज्याला बसेल असं फिरवा आणि ते कुठे ठेवलंय ते लिहून ठेवा. तीन-चार सेकंद पूर्ण जोर, श्वास रोखायचा नाही, मग मिनिटभर आराम, असं तीनदा. सरासरी धरा किंवा सगळ्यात मोठा आकडा धरा, पण एकदा ठरवलं की दर वेळी तेच. मनगटाचं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर नुकतंच झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एवढा खटाटोप कशाला? 2015 मध्ये 17 देशांतल्या जवळपास 1 लाख 40 हजार लोकांचा अभ्यास आला, त्यात भारतही होता, आणि पकड दर 5 किलोने कमी तसा मृत्यूचा धोका साधारण 16 टक्के जास्त दिसला. पण नीट ऐका, याचा अर्थ स्प्रिंगवालं ग्रिपर दाबत बसलं की आयुष्य वाढतं असा नाही, पकड ही अख्ख्या शरीराच्या ताकदीची खूण आहे, म्हणून मी आईला ग्रिपर आणून दिलं नाही, खुर्चीतून हात न टेकता उठबस आणि जेवणात जास्त डाळ, अंडी सुरू केलंय, आणि टॉवेल पिळायचं काम तिच्याकडून काढून घेतलेलं ते तिला परत दिलंय.

तीन महिन्यांनी त्याच खुर्चीत परत मोजणार. तुमच्या घरचा आकडा कमेंटमध्ये टाका, सोबत वय, कुठला हात आणि बसून की उभं राहून ते नक्की लिहा.