धरलं खरं, पण सोडवायचं कसं?

(दृश्य: पवई. आयआयटीच्या आवारातली एक प्रयोगशाळा. कॉम्प्रेसरची घरघर.)

एप्रिल 2021. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती आणि मुंबईत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच चौकशी होती, ऑक्सिजन कुठे मिळेल? त्याच दिवसांत इथे, पवईच्या आयआयटीत, प्रा. मिलिंद अत्रे यांच्या पुढाकाराने एका नेहमीच्या यंत्राचं काम बदललं गेलं. यंत्र होतं नायट्रोजन प्लांट. असे प्लांट देशभरच्या कारखान्यांत आहेत. ते हवा आत घेतात, तिच्यातला ऑक्सिजन अडवतात आणि नायट्रोजन पुढे सोडतात. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक इंजिनिअर्स यांना सोबत घेऊन आयआयटीने त्यातला अडवणारा पदार्थच बदलला. कार्बनच्या गोळ्यांच्या जागी झिओलाइटच्या गोळ्या आल्या आणि यंत्राची मांडणी त्याप्रमाणे जुळवून घेतली. आता नायट्रोजन अडू लागला आणि ऑक्सिजन बाहेर येऊ लागला. दाब साडेतीन ॲटमॉस्फिअर, शुद्धता 93 ते 96 टक्के. उभारणीला तीन दिवस लागले.

शंभर टक्के का नाही? हवेत साधारण एक टक्का आरगॉन असतो. ऑक्सिजन आणि आरगॉन यांच्यातला फरक या झिओलाइटला जवळपास कळत नाही, म्हणून तोही सोबत येतो. रुग्णाचं त्याने काही बिघडत नाही.

(दृश्य: काचेच्या बशीत झिओलाइटच्या गोळ्या. कॅमेरा अगदी जवळ.)

हा तो पदार्थ. दीड-दोन मिलिमीटरच्या, मातकट पांढऱ्या गोळ्या. चिमटीत धरल्या की बोटांना भुकटी लागते. आत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची चौकट आहे आणि त्या चौकटीत ठरावीक मापाची दारं असलेल्या पोकळ्या. या दारांचं माप एका नॅनोमीटरच्या आत असतं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पोकळीच्या भिंतींशी सोडियम, कॅल्शियम किंवा लिथियमचे धनभारित आयन बसलेले असतात. नायट्रोजनचा रेणू त्यांच्याकडे ऑक्सिजनपेक्षा जास्त ओढला जातो आणि तिथेच चिकटतो. म्हणजे इथे नुसत्या मापाने गाळणं चाललेलं नाही. कोणाची ओढ जास्त, यावर निकाल लागतो.

आता एक साधा प्रयोग पाहू. भट्टीत तापवून, हवाबंद थंड केलेल्या कोरड्या गोळ्या एका काचेच्या बाटलीत घेतल्या आहेत. त्यांवर दोन चमचे पाणी ओतू.

(आवाज: बारीक सरसर. बुडबुडे.)

पोकळ्यांत बसलेली हवा पाण्याने हुसकावून लावली. आता बाटलीला बोट लावा. काही क्षणांत ती चांगली गरम लागते. जाळ नाही, वीज नाही, कसली रासायनिक ज्वलनाची भानगड नाही. पाण्याचा रेणू पोकळीत जाऊन भिंतीला चिकटला की ऊर्जा बाहेर पडते, तीच ही ऊब. आणि ते पाणी परत बाहेर काढायचं असेल, तर निदान तेवढी ऊर्जा आपल्याला पदरची घालावी लागते. गोळ्या पुन्हा भट्टीत, दोन-अडीचशे अंशांवर.

स्वच्छ ऊर्जा, स्वच्छ पाणी, स्वच्छ हवा यांसाठी नवे पदार्थ शोधले जातात तेव्हा बातमी होते ती पदार्थाने किती धरलं याची. आमच्या मते विचारायला हवं ते वेगळंच. धरलेलं सोडवायला काय खर्च आला? आणि सोडवल्यावर तो पदार्थ हजाराव्या वेळीही तितकंच धरतो का?

ऑक्सिजन प्लांटने हा खर्च फार हुशारीने कमी केला आहे. तिथे गोळ्या तापवत नाहीत. दोन टाक्या असतात. एकीत दाब वाढवला की नायट्रोजन चिकटतो, आणि त्याच वेळी दुसरीतला दाब सोडला की तिथला चिकटलेला नायट्रोजन सुटून जातो. मग अदलाबदल. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेल्यांना तो ठरावीक वेळाने येणारा फुस्स आवाज आठवत असेल. तो नायट्रोजन सुटण्याचा आवाज.

(दृश्य: काळ्या कातळात पांढऱ्या स्फटिकांची खळगी.)

प्लांटमधला झिओलाइट कारखान्यात बनतो, पण निसर्गातला झिओलाइट महाराष्ट्राला परका नाही. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांची भोकं राहिली, आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्या भोकांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशी खनिजं वाढवली. पुणे, नाशिक, जळगाव भागातले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. मुंबईतल्या कुर्ला, मालाड, कांदिवलीच्या जुन्या दगडखाणींचीही नावं खनिजं जमवणाऱ्यांना ठाऊक आहेत. 1756 साली स्वीडनच्या क्रॉन्स्टेट यांनी असाच एक दगड तापवला, तो वाफ सोडत फसफसला आणि झिओलाइटचा शोध लागला. पहिलं निरीक्षणच सोडण्याचं होतं.

झिओलाइटमध्ये पोकळीचं माप निवडायला एका मर्यादेपलीकडे वाव नाही. मग पोकळीच आपल्याला हवी तशी बांधली तर? 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं: जपानचे सुसुमु कितागावा, ऑस्ट्रेलियातले रिचर्ड रॉबसन आणि अमेरिकेतले ओमर याघी. धातूचे अणू कोपऱ्यावर, सेंद्रिय रेणू दांड्यांच्या जागी, अशी ही जाळीदार चौकट. मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला मॉफ म्हणतात. याघी यांचा 1999 मधला मॉफ-5 जस्त आणि टेरेफ्थॅलिक ॲसिडपासून बनला. हे तेच ॲसिड, ज्याच्यापासून पॉलिएस्टरचा धागा आणि पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बनतात. कच्चा माल इतका रोजचा, आणि एका ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ सुमारे 3,000 चौरस मीटर. मुंबईकराच्या हिशेबात सांगायचं तर 32,000 चौरस फूट, म्हणजे पाचशे फुटांचे साठेक वन-बीएचके एका चिमटीत.

आकडा थक्क करणारा आहे. पण मॉफ-5 चं एक दुखणं आहे. दमट हवेत त्याची चौकट ढासळते. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

(दृश्य: माटुंगा. रसायन तंत्रज्ञान संस्थेची इमारत.)

वायू धरण्याचा दुसरा मार्ग द्रवात विरघळवण्याचा. झिओलाइटमध्ये रेणू पृष्ठभागावर चिकटतो, इथे तो द्रवाच्या पोटात जातो आणि तिथे त्याची रासायनिक अभिक्रिया होते. या विषयाचा पाया घालणारं काम या इमारतीशी जोडलेलं आहे. 1933 साली सुरू झालेली ही संस्था, जुन्या लोकांची यूडीसीटी. इथे शिकलेले मनमोहन शर्मा केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे पीएचडी करून 1964 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, इथेच प्राध्यापक म्हणून परत आले. 1966 साली डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी अल्कली आणि अमाइन (नायट्रोजन असलेली सेंद्रिय संयुगं) यांच्या द्रावणांत कार्बन डायऑक्साइड कसा शोषला जातो यावर जो निबंध लिहिला, तो आजही कार्बन कॅप्चरवाल्यांना वाचावा लागतो. 1990 मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. गिरगावात वाढलेले रघुनाथ माशेलकर हे त्यांचेच विद्यार्थी.

हवामानबदलाची आज जशी चर्चा आहे तशी त्या काळी नव्हती. खतं, नैसर्गिक वायू यांच्या कारखान्यांना वायूतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा असे, म्हणून हे काम झालं. आता तेच गणित औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्याला लावलं जातंय. धूर अमाइनच्या द्रावणातून वर जातो, चाळीस ते साठ अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड द्रावणात पकडला जातो, आणि मग ते द्रावण 120 अंशांपर्यंत तापवून त्याला मोकळं करतात. मोनोइथेनॉलअमाइन या जुन्या, सरावाच्या द्रावणात एक टन कार्बन डायऑक्साइड सोडवायला साधारण साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते. ही उष्णता केंद्राच्याच वाफेतून घ्यायची, म्हणजे विकायची वीज तेवढी कमी. धुराड्यातून कार्बन पकडता येतो हे काही दशकं माहीत आहे. घोडं अडलंय ते या गिगाज्यूलपाशी. पवईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने कार्बन पकडणं आणि वापरणं यासाठी राष्ट्रीय केंद्र दिलं आहे, तिथल्या कामाचा मोठा भाग हा खर्च कमी करण्याभोवतीच फिरणार.

सोडवायचंच नसेल तर? आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने 2012 मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या कातळात, सोडला. दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाला होता. बेसॉल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला कार्बोनेटमध्ये बांधून टाकतं. दख्खनचा कातळही बेसॉल्टच आहे. पण आपला कातळ जुना, त्याच्या भेगा-पोकळ्या खनिजांनी बऱ्याच भरलेल्या, आणि पाणीही खूप लागतं. आइसलँडचा आकडा उचलून इथे चिकटवता येणार नाही.

(दृश्य: ट्रॉम्बे. ओहोटीची खाडी, मागे भाभा अणुसंशोधन केंद्राचा घुमट.)

समुद्राच्या पाण्यात युरेनियम असतं. एका लिटरमध्ये साधारण 3.3 मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम हवं तर तीन लाख लिटर पाण्यातलं सगळंच्या सगळं धरावं लागेल, तेही त्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमची कितीतरी पटींनी गर्दी असताना. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पॉलिप्रॉपिलीनच्या कापडावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकून त्याला अमिडॉक्झिम नावाच्या रासायनिक गटांचे हात जोडले. हे हात युरेनियमला नेमकं ओळखतात. असे तुकडे ट्रॉम्बेच्या जेट्टीपाशी समुद्रात बुडवून पाहिले. पंप नको, भरती-ओहोटीच पाणी आणून देते. धरलेलं युरेनियम मग आम्लाने धुऊन काढायचं आणि कापड पुन्हा पाण्यात. खर्च कुठे, तर या धुण्यात आणि धुऊन धुऊन झिजणाऱ्या हातांत. शिवाय शेवाळ आणि शिंपले समुद्रात ठेवलेल्या कोणत्याही वस्तूवर बसतात, कापडावरही बसतात.

याच केंद्राने पॉलिसल्फोनच्या पातळ पडद्याचा घरगुती फिल्टर तयार करून त्याचं तंत्र उद्योगांना दिलं. नळाच्या दाबावर चालतो, वीज लागत नाही, जिवाणू आणि गाळ अडवतो, क्षार मात्र जाऊ देतो. मुंबईसाठी मला तो फार योग्य वाटतो. इथलं पाणी तुळशी, विहार, तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं, पावसाचं, मुळात कमी क्षारांचं. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओ नको अशी भूमिका घेतली. पालिकेचं पाणी त्याच्या कितीतरी खाली असतं. तरी सोसायटीत घरोघरी आरओ बसतो, आणि ओट्याखालच्या त्या बारीक पांढऱ्या नळीतून एक लिटर गोड पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी मोरीत जातं. पडद्याने धरलेले क्षार धुऊन काढण्याचीच ही किंमत. शहाड-टिटवाळ्याला टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हे कसं सांगणार?

(दृश्य: पावसाळी पवई. काचेवर पाण्याचे ओघळ.)

बॅटरीतही धरणं-सोडणंच आहे, फक्त तिथे सुटणं हाच फायदा. सोडियम-आयन बॅटरीत सोडियमचे आयन चार्ज होताना एका पदार्थात शिरतात, वापरताना बाहेर येतात. सोडियम मिठातून मिळतो, लिथियमसारखी परदेशाकडे नजर लावून बसायची पाळी येत नाही. अडचण ही, की हे आयन मुळात ज्यात साठवलेले असतात ते दुसऱ्या टोकाचे थरांचे ऑक्साइड हवेतल्या दमटपणाने बिघडतात. पवईत पाण्याला आणि हवेला टिकणारे असे ऑक्साइड घडवण्याचं काम झालं आहे, आणि माझ्या लेखी ते क्षमतेच्या कोणत्याही विक्रमाइतकंच मोलाचं आहे. ज्या देशात चार महिने भिंतींना बुरशी येते तिथे कोरड्या खोलीबाहेर न टिकणारा पदार्थ महागच पडणार.

कारण पाणी सगळ्यांच्या आधी येऊन बसतं. त्या गरम झालेल्या बाटलीत तेच दिसलं. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा, कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाणी जास्त प्रिय. म्हणून ऑक्सिजन प्लांटमध्येही हवा आधी सुकवावी लागते. मॉफ-5 तर ढासळतोच. यावर कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात कॅल्फ-20 हा जस्ताचाच एक मॉफ घडवला गेला. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तो वाफेला टिकतो, कार्बन डायऑक्साइड हलकेच धरतो आणि थोड्या उष्णतेत सोडतो. सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली असेल तर पाण्याआधी कार्बन डायऑक्साइडला जागा देतो. सिमेंटच्या कारखान्यात त्याची चाचणीही झाली आहे.

40 टक्के. जुलैतल्या मुंबईत आर्द्रता 80 च्या वर असते, आणि धुराड्यातला वायू तसाही दमट. म्हणजे हा पदार्थ इथे आणायचा तर आधी वायू सुकवण्याचा खर्च धरावा लागेल, नाहीतर धातू आणि दांड्या बदलून त्या 40 चे 80 करणारी चौकट कुणीतरी बांधावी लागेल. तशी चौकट बांधता आली, तर तिची पहिली परीक्षा मुंबईतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या माहुलमध्ये, धुराड्यापाशी, भर पावसाळ्यात घ्यावी.