हौद्याची वही

(पहाट. अंधार. फक्त फावड्याचा आवाज.)

पाच वाजायला अजून अवकाश आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेचं, चंदगडच्या वाटेवरचं हे एक गाव. आठ-दहा वर्षांची चार पोरं तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरायलेत. रात्रभरात माती बसते, घट्ट होते. ती मोकळी केल्याशिवाय त्यावर अंग टाकता येत नाही. हे काम धाकट्यांचं. थोरले तोवर बाजूला जोर मारून घेतात.

भिंतीवर मारुती. शेजारी शाहू महाराज. आणि त्यांच्या खाली, खिळ्याला सुतळीनं टांगलेली एक वही.

(वहीचं पान, अगदी जवळून.)

दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तेलकट हातांनी कडा काळ्या पडल्यात. पानावर लिहिलंय: माती, १ ट्रॉली. त्याखाली: गोडंतेल, १ डबा. मग लिंबं, हळद, कापूर. पुढच्या ओळीत: दूध, चौघांचं, महिना. प्रत्येक ओळीसमोर ते देणाऱ्याचं नाव. आम्ही पानं मागं-मागं उलटत गेलो. कारखानदाराचं नाव कुठं दिसलं नाही, पुढाऱ्याचंही नाही. सगळी पोरंच. अठरा, एकोणीस, फार तर तेवीस वर्षांची.

सुगी संपली की जत्रांचा हंगाम लागतो आणि जत्रा म्हटलं की कुस्तीचं मैदान आलंच. आज खानापूरकडं, पुढच्या आठवड्यात गडहिंग्लजला. शिनोळी लागली की महाराष्ट्र. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याचा हिशोब इथला पैलवान आपल्या पद्धतीनं सांगतो: डाव शिकायला कोल्हापूरची तालीम, निवड चाचणीला कर्नाटकचा संघ, आणि इनाम जिकडं हलगी वाजेल तिकडं.

मैदान मारून आलेला पोरगा घरी जायच्या आधी तालमीत येतो. मारुतीपुढं नारळ फोडतो आणि इनामातलं काहीतरी वस्तादांच्या हातावर ठेवतो. किती, ते ठरलेलं नाही.

(तालमीची पायरी. एक तरुण पैलवान, खांद्यावर टॉवेल.)

हा एकवीस वर्षांचा. उद्यमबागेत फौंड्रीत दुसऱ्या पाळीला जातो, सकाळ तालमीत घालवतो. आम्ही त्याला विचारलं, मिळवतोस तुटपुंजं, त्यातनं हे दान कसं परवडतं? तो हसला.

'दान कसलं ओ? मी बारा वर्षांचा होतो तेव्हा घरात चहाला दूध नव्हतं. अण्णा मैदान मारून आले की आमचं महिन्याचं दूध निघायचं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आता माझा नंबर आलाय, एवढंच. कशाला एवढं विचारायलासा?'

अण्णा म्हणजे सख्खा भाऊ नव्हे. तालमीत थोरला तो अण्णा. पुढं कुणालाही विचारताना दान हा शब्द आम्ही टाकून दिला.

(पावसाची रिपरिप. ट्रॉलीतून माती उतरते.)

नागपंचमीच्या आधीचा आठवडा. शिवारात रोपलावण उरकत आलेली, गुडघाभर चिखलातून आलेली पोरं आता तांबड्या मातीत उतरलीत. हौद्यातली वरची जुनी माती काढायची, नवी टाकायची. नवी माती तशीच टाकली तर खडा पाठीत घुसतो. म्हणून चाळणीतून दोनदा चाळायची. मग तेल. तेलानं माती मऊ राहते आणि धुरळा उडत नाही. मग ताक, हळद, लिंबाचा रस, कापराची पूड. अंगावर खरचटलेल्या जागी हीच माती चोळतात. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, इथं हळदीवर भरवसा आहे.

पायानं मळायचं काम तासभर चालतं. वास असा की बघणाऱ्यालाही एखादा जोर मारावासा वाटतो. आमच्या कॅमेरामननं प्रयत्न केला. तीन झाले.

हा सगळा खर्च यंदा चौघांनी मिळून उचललाय. त्यातला एक सैन्यात लागलाय, रजेवर आलाय. त्यानं पैसे दिले ते दिले, वर चाळणीही तोच धरून बसलाय.

(वही पुन्हा. एक रिकामी ओळ.)

आम्हाला शंका होती. सगळे देतात म्हटल्यावर न देणाऱ्याचं काय? ही लाजेकाजेची वसुली तर नव्हे? वस्तादांनी एक पान काढून दाखवलं. एका नावापुढं वर्षभर काही नाही. त्या वर्षी त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि बापाचं पाय मोडल्याचं दुखणं. नाव मात्र दर महिन्याला लिहिलंय, पुढची जागा कोरी सोडून. 'नाव काढलं असतं तर तो यायचा बंद झाला असता,' वस्ताद म्हणाले. एवढं बोलून ते एका पोराची मान धरायची पद्धत सुधारायला उठले.

(कोनाडा. बुटांची रांग.)

मातीत अनवाणी चालतं. निवड चाचणी मात्र मॅटवर, नऊ मीटरच्या वर्तुळात, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. तिथं बूट लागतात. वाढत्या वयाच्या पोराचा पाय काही वर्षभर थांबत नाही. म्हणून लहान झालेला जोड घरी न्यायचा नाही, कोनाड्यात ठेवायचा. तळव्यावर खडूनं नंबर. मॅट स्वतःची नाही. एका ठिकाणी सरकारी मॅट गुंडाळून ठेवलेली आम्ही बघितली, कोपरा उंदरांनी कुरतडलेला. कुठं, ते राहू दे.

(संध्याकाळ. मुलींचा आवाज.)

तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. कुराश ही उझबेकिस्तानची कुस्ती: अंगात जाकीट, कंबरेखाली पकड नाही, पडल्यावर जमिनीवर झोंबायचं नाही. शेतकऱ्याच्या घरची, ज्युडो शिकलेली पोरगी तिथवर पोचली, हे या गावानं टीव्हीवर पाहिलं. तालमीत मुलींना संध्याकाळचा तास मिळाला तो त्यानंतर.

हा तास घेणारी स्वतः एकोणीस वर्षांची. पहिल्या इनामाचं तिनं काय केलं? वहीत ओळ आहे: दार १, कडी-कोयंड्यासकट. कपडे बदलायच्या खोलीला दारच नव्हतं. 'दार नाही म्हणून आई मला दोन वर्षं पाठवत नव्हती,' ती सांगते. 'आता ह्या पोरींच्या आयांना ते कारण नको.' सात मुली येतात. दाराला आतून कडी आहे, ती लावून-काढून दाखवायला सगळ्यांत धाकटी पुढं झाली.

(जुने फोटो, भिंतीवरचे.)

खाशाबा जाधवांचा फोटो तालमीत असणारच. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथं जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. पदकाची गोष्ट सगळीकडं सांगतात. तालमीत त्यापुढची सांगतात: परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि ते घर सोडवलं. वस्ताद ही गोष्ट पोरांना वर्षातनं एकदाच सांगतात. रोज सांगितली तर कीर्तन होतं, म्हणतात.

(पहाट. पुन्हा फावडं.)

जत्रेतल्या पोराटोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर, फार झालं तर पन्नासाच्या नोटेवर सुटतात. परवा पहिल्यांदा जिंकलेला एक नऊ वर्षांचा गडी आज आलाय. मुठीत दहाची नोट, घामानं ओली. नोट वस्तादांना दिली आणि म्हणाला, 'माझं नाव मी लिहितो.'

खिळ्यापर्यंत हात पुरेना, एका थोरल्यानं वही काढून दिली. घरात मराठी, शाळा कन्नड. त्यानं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर वळवत, कन्नडमध्ये नाव लिहिलं. वस्तादांनी वही तिरकी करून बघितली, त्याच ओळीत पुढं मराठीत लिहिलं: १० रुपये. मग वही खिळ्याला लावली आणि त्याच्या हातात फावडं दिलं.