स्नो ब्लोअर तुंबला आहे की थांबला आहे?

नमस्कार. मिशिगन, मिनेसोटा किंवा ओंटारिओत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या गॅरेजमध्ये पेट्रोलवर चालणारा टू-स्टेज स्नो ब्लोअर (बर्फ दोन टप्प्यांत ओढून दूर फेकणारे यंत्र) असतो, आणि त्याच्याबद्दलची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: "इंजिन चालू आहे, पण बर्फ बाहेर पडत नाही." या वाक्यात निरनिराळे बिघाड दडलेले असतात, म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी नेमके काय थांबले आहे ते ठरवावे लागते.

समोर संथ फिरणारा, मळसूत्रासारख्या पात्यांचा दांडा म्हणजे ऑगर. तो बर्फ मध्यभागी ओढून आणतो. त्याच्या मागचा वेगवान पंखा म्हणजे इम्पेलर. तो बर्फ च्यूटमधून, म्हणजे यंत्रावरच्या वळणाऱ्या नळीतून, दूर फेकतो. हे दोन्ही फिरत असूनही काही बाहेर पडत नसेल, तर यंत्र बिघडलेले नाही, फक्त तुंबलेले आहे. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असताना हे हमखास होते. मुठीत दाबून ज्याचा लाडू वळता येतो तो बर्फ ओला समजावा. कोरडा ताजा बर्फ साधारण 10 इंच वितळला तर 1 इंच पाणी होते. ओल्या बर्फाचे 5 इंचही त्याला पुरतात, म्हणजे तेवढ्याच जागेत वजन दुप्पट. त्यातही नगरपालिकेचा प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी) ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ढीग रचून जातो, तो सर्वांत त्रासदायक. अशा वेळी काही जण इंजिनाचा वेग कमी करतात, ते चुकीचे आहे. इंजिन पूर्ण वेगातच ठेवावे आणि यंत्राच्या निम्म्या रुंदीएवढाच बर्फ एका वेळी घ्यावा. च्यूटच्या आतून सिलिकॉनचा फवारा मारला तर बर्फ चिकटणे बरेच कमी होते.

तुंबलेली च्यूट मोकळी करताना हात आत घालू नये, इंजिन बंद असले तरीही नाही. इंजिनाची शक्ती इम्पेलरपर्यंत पोचवणाऱ्या पट्ट्यात (बेल्टमध्ये) ताण उरलेला असू शकतो. अडकलेला गोळा निघताक्षणी इम्पेलर झटका घेऊन थोडासा फिरतो, आणि बोटे गमावायला तेवढे पुरते. इंजिन बंद करावे, किल्ली काढावी, सर्व काही थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मग यंत्रालाच अडकवून दिलेल्या प्लास्टिकच्या दांड्याने बर्फ काढावा.

आता फिरणे थांबल्याची गोष्ट. (तुटलेली पिन कॅमेऱ्यासमोर धरून) ही शिअर पिन, ऑगरची पाती त्याच्या दांड्याला जोडणारी. हिच्या मधोमध खाच आहे आणि ती बरोबर त्या खाचेवरच तुटली आहे, कारण तिला बनवलेच आहे त्यासाठी. दगड, गोठलेले वर्तमानपत्र किंवा पायपुसणे ऑगरमध्ये अडकले की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. किल्ली व स्पार्क प्लगची वायर काढून, जाड हातमोजे घालून ऑगरची एकेक बाजू हलवून पाहावी. एखादी बाजू दांड्यावर मोकळी फिरत असेल तर त्या बाजूची पिन गेली आहे. नवी पिन त्याच मॉडेलची घ्यावी. "घरात बोल्ट पडलाच आहे, तो बसवतो" ही काटकसर महागात पडते, कारण पोलादी बोल्ट तुटत नाही आणि पुढच्या दगडाला गिअरबॉक्समधले दातेरी चाक झिजते किंवा फुटते. दोन्ही पिना शाबूत, इम्पेलर फिरतो आहे आणि ऑगर मात्र स्तब्ध, असे दिसले तर ते चाक आधीच गेले आहे असे धरून यंत्र दुरुस्तीला न्यावे.

इम्पेलर आणि ऑगर दोन्ही थांबले असतील, तर संशय पट्ट्यावर किंवा त्याला ताण देणाऱ्या केबलवर घ्यावा. केबल कालांतराने सैल पडते. ती मॅन्युअलप्रमाणे आवळल्यावर पुष्कळदा काम भागते. पट्ट्याची कड चकचकीत झाली असेल किंवा त्याला भेगा असतील, तर तो बदलावाच लागतो.

मात्र यंत्र काल नीट चालले आणि आज सकाळी ऑगर सुरू करणारी हँडलवरची लिव्हर दाबताच रबर जळल्याचा वास आला, तर लिव्हर लगेच सोडून द्यावी. रात्री आत राहिलेला ओला बर्फ गोठून इम्पेलर घट्ट धरला गेला आहे आणि पट्टा पुलीवर (तो ज्यावर फिरतो त्या चाकावर) घासून जळतो आहे. यंत्र उबदार गॅरेजमध्ये ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्यावा. हातोडीने ठोकू नये. यापुढे काम संपल्यावर एक-दोन मिनिटे ऑगर रिकामा फिरवावा, म्हणजे आतला बर्फ निघून जातो आणि गोठण्यासारखे फारसे काही उरत नाही.