दिवा पिवळा, दोष चाकात

(डॅशबोर्ड, अगदी जवळून)
चावी फिरवली आहे, इंजिन अजून सुरू नाही. सगळे दिवे एकदम लागतात. गाडी स्वतःला तपासते आहे. काही क्षणांत एकेक विझतो. उरतात दोन पिवळे: एकावर 'एबीएस' लिहिलंय, दुसऱ्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र.

(नागपूर, गॅरेजचा दर्शनी भाग)
इथे गाडीवाल्यांचा प्रश्न ठरलेला. "भाऊ, गाडी तर बराबर चालते, मग हा दिवा काहून लागला?" आणि लगेच, "बंद करून द्या नं." स्कॅनर लावून बिघाडाची नोंद पुसता येते, काही जण तेवढंच करून पैसे घेतात. हे उस्ताद आधी जॅक लावतात.

(चाक निघतं)
ब्रेकच्या डिस्कमागे हे दातेरी कडं. त्याच्यासमोर, जेमतेम मिलिमीटरभर अंतर ठेवून, बोटाच्या पेराएवढा सेन्सर. चाक फिरतं, दाते समोरून सरकतात, त्यावरून चाकाचा वेग कळतो. काही गाड्यांत दात्यांऐवजी बेअरिंगमध्येच चुंबकी पट्टी असते. चारही चाकांचे वेग कॉम्प्युटर ताडून पाहत असतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक जाम व्हायला लागलं, तर एबीएस त्याच्यावरचा दाब क्षणभर सोडतं. गाडी जोरात पुढे काढताना एखादं जागीच गरगरायला लागलं, तर ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणाऱ्या गाडीचा दिवा त्याचाच) इंजिनाचा जोर कमी करतं, किंवा तेवढ्याच चाकाला ब्रेक लावतं. दोघांची भिस्त याच चार सेन्सरांवर. म्हणून बिघडतो एक, दिवे लागतात दोन, आणि मालक खर्चही दुप्पट धरून बसतो.

(सेन्सर तळहातावर)
टोकाला विदर्भाची काळी माती, तिच्यात ब्रेकमधून झडलेला लोखंडी चुरा. उस्ताद फडक्याने पुसतात. वायर बोटांनी चाचपतात, विशेषतः स्टिअरिंगबरोबर ती जिथे वाकते तिथे. तसाच परत बसवतात.

(स्कॅनरचा पडदा, चालती गाडी)
चार चाकं, चार आकडे. मघाशी समोरच्या डाव्या चाकाचा शून्यावर अडकला होता, आता चारही सोबत चढताहेत. नवा सेन्सर घ्यावाच लागला नाही. वायर तुटलेली निघाली किंवा बेअरिंग ढिलं असलं, की एवढ्यावर भागत नाही, हेही खरं.

(पाऊस, ओला सिमेंट रोड)
घसरणाऱ्या गाडीचा दिवा चालता-चालता नुसता लुकलुकला, तर तो बिघाड नाही. ट्रॅक्शन कंट्रोल काम करतंय. अ‍ॅक्सिलरेटर सैल सोडा.

(लाल दिवा)
उद्गारचिन्हाचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही राहिला, तर थांबा. ब्रेक ऑइल ओतून तो विझेलही, पण पॅड झिजले तरी पातळी उतरते, तेव्हा आधी पॅड बघा, गळती बघा. नुसता एबीएसचा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त करकचून दाबले तर चाकं जाम होऊ शकतात. लाल आणि एबीएस दोन्ही एकदम लागले, तर गाडी चालवत गॅरेजला आणू नका, टो करून आणा.