पाणी गळ्याशी आलं तेव्हा

(दृश्य: कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं एक बैठं घर. भिंतीवर मळकट आडवी रेघ.)

ही रेघ ऑगस्ट 2019 च्या पुराची. नंतर घराला रंग दिला, पण मावशींनी एवढी वीतभर जागा तशीच सोडायला लावली. रंगारी म्हणाला, "वाईट दिसतंय." मावशी म्हणाल्या, "दिसू दे की."

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना आकडा विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर? 39 ला इशारा, 43 ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले म्हटलं की नदीकाठचा माणूस मनातल्या मनात तास मोजायला लागतो. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद. शहरात दुधाचे, पेट्रोलचे हाल.

मावशी निवृत्त शिक्षिका. रॉयल वायल्डर आणि त्यांची पत्नी एलायझा हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही इथं आहे. कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीची गोष्ट इतकी जुनी. मावशींच्या घरात पणजोबांपासून रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना.

(दृश्य: फुगलेलं, वेडंवाकडं झालेलं जाड पुस्तक.)

हे पणजोबांचं बायबल. पहिल्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. पाणी ओसरल्यावर ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात गाळात सापडलं. पानापानात वर्तमानपत्र घालून मावशींनी ते पंख्याखाली वाळवलं. मजकूर छापील, तो टिकला. नावं शाईची होती. ती गेली.

"तेव्हा मी देवाशी भांडलो," मावशी सांगतात. (कोल्हापूरच्या बायका 'भांडलो'च म्हणतात.) "म्हटलं, गाद्या गेल्या, फ्रिज गेला, जाऊ दे. ही चार नावं तेवढी ठेवायची होतीस की."

भेटायला माणसं येत होती. कुणी फिनेल घेऊन, कुणी डबा घेऊन. काही जण नुसताच उपदेश घेऊन. देव परीक्षा बघतोय. विश्वास कमी पडला असेल. यातून काहीतरी चांगलंच निघेल. गाळ उपसणाऱ्या माणसाला दारात उभं राहून हे सांगायला काय जातं?

बायबलमध्ये ईयोब नावाच्या भल्या माणसाचं सगळंच जातं. त्याच्या मित्रांचंही हेच झालं. अलीफज, बिल्दद आणि सोफर. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर सगळं बरोबर होतं. मग ते बोलायला लागले. तुझंच काही चुकलं असणार, हे तऱ्हेतऱ्हेनं पटवत राहिले. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला. शेवटी देव रागावला तो या तिघांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो माझा सेवक ईयोब, असं देव म्हणतो. हे वाक्य उपदेशातून फारसं ऐकू येत नाही.

स्तोत्रसंहितेतली, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातली, 150 स्तोत्रंही नुसती स्तुतीची नाहीत. त्यांत विलापच मोठा आहे. तेरावं स्तोत्र पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर?' असं विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. आणि एकोणसत्तरावं सुरू होतं तेच पाणी गळ्याशी आलंय म्हणून. शाहूपुरीत त्याला वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

वधस्तंभावर येशू ओरडला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे शब्दही बाविसाव्या स्तोत्रातलेच. प्रश्न थेट तोंडावर टाकलेला, पण हाक 'माझ्या देवा' अशीच. ज्याच्यावर भरवसा उरला नाही, त्याच्याशी माणूस भांडत बसत नाही, त्याच्याकडे पाठ फिरवतो. मावशींनी पाठ फिरवली नाही. पहिले दोन रविवार त्या उपासनेला गेल्या, पण गायल्या नाहीत. नुसत्या बसल्या. शेजारच्या बाईंनी गीताचं पुस्तक उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. गा, असं काही म्हटलं नाही.

तिसऱ्या रविवारी पेटीवर नारायण वामन टिळकांचं भजन सुरू झालं. मावशींना ते लहानपणापासून पाठ. "तोंडातनं आपोआप आलं. राग गेलेला नव्हता हं, सांगून ठेवतो."

मग जुलै 2021. पुन्हा पाणी.

(दृश्य: पावसाळी संध्याकाळ. मावशी मोबाईलवर पाण्याची पातळी बघताहेत.)

यंदा आकडा 38 वर आलाय. बायबल आता माळ्यावर, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. पहिल्या पानावर आठवतील तेवढी नावं मावशींनी पुन्हा लिहिली आहेत, पेन्सिलनं. पेन्सिल पाण्यात पसरत नाही. पणजीच्या बाप्तिस्म्याची तारीख आठवत नाही, तिथं जागा सोडली आहे.

आम्ही विचारतो, "भीती वाटते?"

"वाटते की." मावशी स्टुलावर चढलेल्या नातवाकडे तांदळाचा डबा देतात. "हा आधी वर घे. आणि शेजारच्या काकूंना हाक मार, त्यांच्याकडं माळा नाही."