कॅलेंडर मॅन: पंचांग बघून चोरी करणारा व्हिलन

बॅटमॅनचे व्हिलन म्हटलं की जोकर, पेंग्विन, टू-फेस ही नावं पटापट येतात, आणि या सगळ्यांच्या मागे शेवटच्या बाकावर एक जण बसलाय ज्याची टर बॅटमॅनचे फॅनसुद्धा उडवतात. कॅलेंडर मॅन. खरं नाव ज्युलियन डे. याचा फंडा एकच, गुन्हा करायचा तो ऋतू, वार नाहीतर सण बघूनच, एरवी हात लावायचा नाही.

हा पहिल्यांदा आला १९५८ मध्ये, डिटेक्टिव्ह कॉमिक्स या कॉमिक मासिकाच्या २५९व्या अंकात. कथा बिल फिंगरची, चित्रं शेल्डन मॉल्डॉफची. (बॅटमॅन घडवण्यातला वाटेकरी म्हणून फिंगरला अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडलं, माणूस १९७४ लाच गेलेला.) १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिक्समध्ये काय दाखवायचं याची नियमावली, आला होता, रक्तपात, भयानक खून वगैरे दाखवायची सोयच उरली नव्हती, मग व्हिलन करणार काय तर गमतीशीर ड्रेस घालून चोऱ्या.

तर या कथेत तो बॅटमॅनला चॅलेंज देतो, पाच दिवसांत पाच गुन्हे, प्रत्येक एका ऋतूवर, आणि रोज ऋतूप्रमाणे ड्रेस वेगळा. आता अमेरिकेत ऋतू चार. वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा, संपले. पाचवा आणायचा कुठून? बॅटमॅन आणि रॉबिन डोकं खाजवतायत, आणि इकडे आपलं शाळेतलं कुठलंही पोर दोन सेकंदांत ओरडेल, अरे पावसाळा! तेच उत्तर आहे. भारतातला मान्सून. आणि तिथूनच सापडतं की हा म्हणजे शहरात जादूचे प्रयोग करणारा ‘महाराजा’. आता भारत म्हटलं की महाराजा आणि जादू, तेव्हाच्या अमेरिकन कॉमिक्सची समज तेवढीच, ते सोडा, पण आपल्या पावसाच्या नावाने बॅटमॅनच्या गॉथम शहरात चोरी होते हे मला तरी जाम भारी वाटतं.

त्यानंतर गडी जो गायब झाला तो थेट २१ वर्षांनी उगवला, १९७९, बॅटमॅनचा ३१२वा अंक. यावेळी आठवड्याचे वार. इंग्रजी वारांमागे जे देव आहेत त्यांच्यावर ड्रेस, सोमवारी चंद्र, गुरुवारी थॉर, असं चाललेलं. मेहनत बघा किती, आणि एवढं करून पकडला जातोच.

खरी मजा १९९६ मध्ये. जेफ लोब आणि टिम सेल यांची द लाँग हॅलोवीन, १३ अंकांची मालिका. गॉथममध्ये कोणीतरी सणासणाला खून पाडतंय आणि बॅटमॅन माहिती काढायला अर्कहॅममध्ये, म्हणजे वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळात, ज्युलियनच्या कोठडीसमोर उभा राहतो. इथे ड्रेस नाही, केप नाही. टक्कल, आणि त्या टकलाभोवती बारा महिन्यांची इंग्रजी नावं, मुकुट घातल्यासारखी. तो जागचा हलत नाही, कोड्यात बोलतो, आणि आपला सण दुसरंच कोणी पळवतंय याची जळजळ चेहऱ्यावर. झगमग काढून टाकली आणि फक्त तारखांचं वेड ठेवलं, तेवढ्यावर हा माणूस भीतीदायक झाला. चाळीस वर्षं लेखकांना हे सुचलं नाही, कमाल आहे.

२०११ च्या अर्कहॅम सिटी या बॅटमॅनच्या व्हिडिओ गेमने तर कहरच केला. कोर्टाच्या तळघरात तो कोंडलेला असतो, आणि तुमच्या मशीनवर खरोखर सणाची तारीख असेल तरच त्या दिवशीचा किस्सा सांगतो. असे बारा सण. वर्षभर थांबायला कोणाला वेळ आहे, पब्लिक सरळ सेटिंगमध्ये जाऊन तारीख बदलायचं. पण एक तारीख लोकांच्या बरेच दिवस लक्षातच आली नाही, १३ डिसेंबर २००४, म्हणजे गेम बनवणाऱ्या रॉकस्टेडी कंपनीचा स्थापना दिवस. ती लावून त्याच्याकडे गेलं की तो एक वेगळाच डायलॉग मारतो, तुमच्या सुरुवातीला मी होतो आणि शेवटालाही असेन, अशा अर्थाचा. ज्यांच्याकडे गेम आहे त्यांनी लावून बघा, आणि तारीख परत नीट करायला विसरू नका, नाहीतर बाकीचे सेव्ह उलटसुलट दिसतील.