समासातली गर्दी

[ठाण्याहून वाशीकडे निघालेली लोकल. मोबाइलवर पिवळ्या ओळी.]

ऐरोली गेलं, रबाळे आलं. खिडकीशी बसलेल्या या मुलीच्या मोबाइलवर आहे ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. छापलं १८८२ साली, इंग्रज सरकारने, अर्थातच इंग्रजीत. द्वितीय वर्ष बी.ए.च्या इतिहासाला त्यातली थोडी पानं नेमली आहेत. एरवी अशी पानं झेरॉक्स होऊन बॅगेतच राहायची. ‘वाचलंत का?’ असं मॅडमनी विचारलं, की सगळ्या माना खाली.

[स्टाफरूम. स्क्रीनवर जुनं पान.]

स्कॅन केलेलं पान म्हणजे संगणकाच्या लेखी नुसता फोटो. त्यातली ओळ निवडताच येत नाही. म्हणून मॅडमनी आधी पानं ओसीआरमधून, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली. जुन्या ठशातली अक्षरं कुठे चुकीची उमटली, ते रात्री बसून ताडून पाहिलं. मग हायपोथिसिसवर वर्गापुरता खासगी गट उघडला. वेबपानाच्या समासात टिपा लिहायची ही ऑनलाइन सोय, २०११ साली ना-नफा प्रकल्प म्हणून सुरू झालेली. ओळ निवडा, शेजारी टीप लिहा. ती गटात सगळ्यांना दिसते, खाली कुणीही उत्तर देतं. बाहेरच्या कुणाला काही दिसत नाही, आणि इंग्रजीला बिचकणारी मुलं त्यामुळेच लिहायला धजावली. मॅडमची अट एवढीच: एक टीप आपली, एक उत्तर दुसऱ्याच्या टिपेला. मराठीत चालेल.

ही रीत आपल्याला परकी नाही. १२९०ची ज्ञानेश्वरी गीतेवरची टीकाच आहे. कितीतरी जुन्या पोथ्यांत मूळ मजकूर मधोमध आणि टीका त्याच्या वर-खाली लिहिलेली सापडते.

[पान जवळून. समासात टिपांची रांग.]

आता मिठागरांचा हा उतारा बघा. पहिली टीप: ‘पॅन म्हणजे तवा का?’ खाली उत्तर: ‘नाही गं, खाडीचं पाणी अडवून उन्हात आटवतात तो चौकोन.’ आणि त्याखाली उरणकडच्या एका मुलाने घरच्या बोलीत लिहिलंय: ‘आमचा आजा मिठागरान होता.’ पुढे तो सांगतो, पाणी उधाणाच्या भरतीला आत घ्यायचं. पावसाआधी मीठ उचललं नाही तर सगळं वाहून जायचं. टाचांच्या भेगांत मीठ शिरलं की रात्रभर झोप नाही. त्याच्याखाली उत्तरांवर उत्तरं. एकीने मिठाच्या कराची ओळ पिवळी करून विचारलंय: ‘सरकारला एवढे, मग आजोबांच्या आजोबांना किती?’ मॅडमनी लिहिलंय: ‘उद्याचा तास इथूनच सुरू.’

दोघांनी दुसऱ्यांच्या टिपा उचलून चिकटवल्या होत्या, त्यांना परत लिहायला लावलं. तासाला आता मुलं बोलतात.

[ओटा. संध्याकाळ.]

मुलगा गॅझेटियरमधली ओळ मराठीत सांगतोय. आजोबा ऐकतात, मान हलवतात, एक शब्द दुरुस्त करून देतात. तो टाइप करतोय.